शिवून झालेल्या गोधडीला मागाहून काठ कसा लावावा?

तापीकाठ
गोधडी हाताने पूर्ण शिवून झाली आहे. आत लुगड्यांचे चार थर, धावदोऱ्याच्या ओळी बोटबोटभर अंतरावर. माप ५४ बाय ७८ इंच, पण पाच फुटी पलंगाला अपुरी पडते. चारही बाजूंनी ६ इंची काठ हवा आहे. टाके न उसवता जमेल का? कापड किती घेऊ? मशीन साधं, पायाचं आहे.

सुईदोरा_अमळनेर
जमतं. कडा कापून सरळ करणार असाल, तर आधी कापायच्या रेषेच्या आत पाव इंचावर मशीनची एक शिलाई फिरवून घ्या. नाहीतर कात्रीने धावदोरा तुटतो आणि ओळी आतपर्यंत सुटत जातात.

पट्टीची लांबी कडेवरून कधीच मोजू नका, कड ताणलेली असते. मधोमध आणि दोन्ही बाजूंना थोडं आत, अशी तीन मापं घ्या आणि त्यांची सरासरी धरा. कडेच्या मापाने कापलेल्या पट्टीची हमखास झालर होते.

तुमच्या मापाला साडेसहा इंच रुंदीच्या पट्ट्या: लांब बाजूंना ७८ इंचाच्या दोन, त्या लागल्यावर वर-खाली ६५ इंचाच्या दोन. तेवढ्याच पाठीमागून. शिलाईत अर्धा अर्धा इंच जाऊन तयार माप ६५ बाय ८९ होतं. वरचं कापड ४४ इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर घ्या, त्यातच अडीच इंची गोटही (कड झाकणारी पट्टी) निघेल. मागे मादरपाट सव्वादोन मीटर. दोन्ही कापडं धुऊन, वाळवून मगच कापा. कोरं सुती कापड आटतं आणि नंतर आटलं तर गोधडीच चुण्या खाते.

आता मुख्य काम. वरची पट्टी गोधडीच्या तोंडावर उलटी, मागची पट्टी पाठीवर उलटी, तिन्ही कडा एका रेषेत, आणि अर्ध्या इंचावर एकच शिलाई. दोन्ही पट्ट्या बाहेर उलटल्या की मध्ये खिसा तयार होतो. त्यात भरण (आतले कापडाचे थर) घाला, पण ६ नव्हे, साडेपाच इंच रुंदीचं. गोधडीची अर्धा इंच कड आधीच खिशात आलेली असते. त्यावर भरण चढलं तर दोरखंडासारखा वळ उठतो. भरण त्या कडेला टेकवून तिरप्या टाक्यांनी जोडा, नाहीतर पहिल्याच धुण्यात गोळा होतं.

धुळेकर_मावशी
तिन्ही एकदम शिवायचं मला पटत नाही. काय शे ना ताई, पायाच्या मशीनवर खालची पट्टी दिसत नाही, ती सरकते आणि चुणी शिलाईत अडकते. फक्त वरची पट्टी मशीनने लावा. मागची अर्धा इंच दुमडून शिलाईच्या रेषेवर हाताने तुरपाई करा. वेळ लागतो, पण पाठ सपाट राहते.

मशीनला १६ नंबरची सुई, टाका लांब. वजन लोंबू देऊ नका, शेजारी खाट किंवा टेबल लावा. गोधडी ओढली गेली की सुई मोडते.

सुईदोरा_अमळनेर
मावशी, खाली आधी कच्चा टाका घातला तर सरकत नाही. पण नवख्या हाताला तुमचीच रीत बरी.

तापीकाठ
काठ लाल घ्यायचा आहे, गोधडीत पांढरं धोतर आहे. आणि काठावर किती ओळी घालू?

धुळेकर_मावशी
लाल कापड ओलं करून पांढऱ्या चिंधीवर दाबून ठेवा. डाग आला तर पाणी नितळ होईपर्यंत धूत राहा, तरी रंग सुटला तर दुसरं कापड बघा. रंग पक्का करायला मिठाच्या भरवशावर राहू नका.

ओळी मधल्याइतक्याच दाट. काठ विरळ ठेवला की तो फुगतो आणि मधला भाग आखडलेला दिसतो. पहिली ओळ जोडाला लागून घाला, मग बाहेरच्या बाजूला सरका. गोट सगळ्यात शेवटी.