मदत हवी आहे: आधीच्या मालकाला आमची गाडी अजून ॲपमध्ये दिसते

मंडळी, बहिणीने पुण्यात सेकंडहँड कनेक्टेड (म्हणजे इंटरनेटवरून फोनच्या ॲपला जोडलेली) एसयूव्ही घेतली. आरसी, विमा सगळं तिच्या नावावर झालं, पण कंपनीच्या ॲपमध्ये गाडी अजून आधीच्या मालकाच्याच खात्याला जोडलेली आहे. त्यांनीच फोन करून सांगितलं, "ताई, तुमची गाडी कुठे उभी आहे ते मला दिसतंय." माणूस सज्जन म्हणून बरं! त्याच ॲपमधून दरवाजेही उघडतात आणि एसीसाठी इंजिन सुरू होतं.

स्क्रीनवरून फॅक्टरी रीसेट केलं. त्याने जोडलेले फोन, कॉन्टॅक्ट, सेव्ह केलेले पत्ते गेले. खातं मात्र तसंच, कारण ते कंपनीच्या सर्व्हरवर चासी नंबरशी बांधलेलं आहे. सर्व्हिस सेंटर म्हणतं, आधीच्या मालकाने गाडी खात्यातून काढावी. ते काढायला तयार आहेत, पण ओटीपी जातो त्यांच्या बंद पडलेल्या नंबरवर.

२०१५ मध्ये मिलर आणि व्हॅलसेक या दोन हॅकर-संशोधकांनी जीप चेरोकी लांबून ताब्यात घेऊन दाखवली, तेव्हा अमेरिकेत १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल निघाला. ते निदान हॅकर होते. इथे तर काही फोडायचीही गरज नाही.

कुणी आरसी दाखवून खातं बदलून घेतलंय का? मेल नेमका कुणाला करायचा? गाडीतलं ई-सिम (गाडीला इंटरनेट देणारं आतलं सिम) बंद करून घेतलं तर संकटात बटण दाबून करायचा एसओएस कॉलही बंद पडतो का? ती रात्री उशिरा एकटी घरी येते, त्यामुळे ते बटण चालू राहायला हवंय.