शब्दचर्चा: 'एआयच्या शासनात लोकशाही सहभाग' याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

गावच्या वाचनालयासाठी एआयबद्दल चार पानी माहितीपत्रक लिहिते आहे. त्यात एक वाक्य आहे: 'एआयच्या शासनात लोकांचा लोकशाही सहभाग असला पाहिजे.' हे वाचून दाखवल्यावर एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे वर्गणी काढायची आहे का?" कुठला शब्द बदलू?

प्रतिसाद १

ताई, आजोबांचं बरोबर आहे. 'सहभाग' आणि विशेषतः 'लोकसहभाग' हे शब्द आपल्या खेड्यापाड्यांत गेली वीस-पंचवीस वर्षं एका ठरावीक अर्थाने वापरले गेले आहेत. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. लोकसहभागातून गटारं साफ झाली, रस्ते झाले, शाळा रंगल्या. पाणीयोजनांत दहा टक्के लोकवर्गणी आली. 'लोकसहभागातून बंधारा' अशी बातमी वाचली की श्रमदान झालं, पैसे जमले, हे आपण गृहीत धरतो. बंधारा कुठे बांधायचा हे कोणी ठरवलं, ते त्या शब्दात येत नाही. तो अर्थ वाईट नाही, त्या कामांचा मला अभिमान आहे. पण तुमच्या वाक्यात नेमकं ठरवणंच अभिप्रेत आहे.

एआयच्या बाबतीत हा घोळ जास्त महत्त्वाचा आहे, कारण श्रमदानाच्या अर्थाने आपण त्यात केव्हाच सहभागी झालो आहोत. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' या भारतीय भाषांच्या यंत्रभाषांतर प्रकल्पाचा उपक्रम पाहा, त्याचं नावच 'भाषादान' आहे. तिथे कुणीही मराठी वाक्यं वाचून आवाज देतो, ऐकलेलं लिहून देतो, भाषांतरं तपासतो. मराठी यंत्रात नीट यावी म्हणून हे करायलाच हवं, मीही करतो. पण त्या आवाजावर शिकलेली यंत्रणा कुठे वापरावी, कुठे वापरू नये, तिच्या निर्णयाविरुद्ध दाद कुठे मागायची, हे ठरवताना मराठी माणसाला विचारलं जाणं ही वेगळी गोष्ट. तिला 'सहभाग' म्हटलं की दोन्ही एकात मिसळतात आणि दान दिलं म्हणजे विचारलं गेलं असं वाटू लागतं.

म्हणून मी 'निर्णयात वाटा' किंवा 'निर्णयाधिकार' सुचवेन.

प्रतिसाद २

'शासन'सुद्धा बदला. महाराष्ट्रात शासन म्हणजे मंत्रालय, शासन निर्णय म्हणजे जीआर. शिवाय 'शासन करणे' म्हणजे शिक्षा करणे. नुसते कायदेकानू म्हणायचे असतील तर 'नियमन' चालेल. पण देखरेख, तक्रार, जबाबदारी सगळंच हवं असेल तर 'कारभार' हा आपला जुना आणि भरीव शब्द आहे.

प्रतिसाद ३

'कारभार' मलाही आवडतो, पण 'एआयचा कारभार' म्हटलं तर एआयच कारभार करतोय असं वाटेल. 'एआयबाबतचा कारभार' म्हणा.

आणि 'लोकशाहीकरण' या शब्दापासून सावध राहा. 'एआयचं लोकशाहीकरण' असं सरकारी कागदांत येतं तेव्हा बहुतेक वेळा अर्थ असतो की महागडी संगणनशक्ती स्वस्तात मिळावी, साधनं सर्वांपर्यंत पोचावीत. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या दहा हजार कोटींहून मोठ्या इंडियाएआय मिशनमध्ये हाच अर्थ प्रमुख आहे. त्याला 'सार्वत्रिकीकरण' हा नेमका शब्द आहे. मोबाइल घरोघरी पोचले म्हणून मोबाइल कंपन्यांच्या कारभारात आपलं मत चालू लागलं नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मुद्दा पटला. 'निर्णयाधिकार' हा शब्दही जपून वापरायला हवा, कारण जगात झालेले सगळे प्रयोग तिथवर गेलेले नाहीत. तैवानमध्ये २०१५ साली उबरच्या नियमांवर पोलिस नावाच्या ऑनलाइन साधनाने मतं गोळा केली. (पोलीस खात्याशी संबंध नाही, इंग्रजी नाव आहे.) लोक एकेक विधान लिहितात, बाकीचे सहमत, असहमत किंवा 'पुढे' एवढंच सांगतात. उलट उत्तर द्यायची सोयच नसल्याने भांडण पेटत नाही आणि विरोधी गटांचं कशावर एकमत आहे ते दिसतं. तिथे सरकारने नियम करताना ते विचारात घेतलं. २०२३ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने याच साधनाने सुमारे एक हजार अमेरिकी नागरिकांना विचारलं की एआयने कोणती तत्त्वं पाळावीत, आणि त्यावरून एक प्रारूप (एआय मॉडेल) शिकवून पाहिलं. चांगला प्रयोग, पण विचारायचं की नाही आणि ऐकायचं किती, हे कंपनीच्याच हाती. याला मराठीत 'कौल घेणे' म्हणावं. कौल घेणारा तो मानेलच असं नाही.

आपल्याकडे याहून पक्का शब्द रुळलेला आहे, 'हरकती व सूचना'. विकास आराखड्यामुळे तो शहरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१४ च्या केंद्रीय धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. एआयने बनवलेल्या चित्रफितींवर ठळक खूण हवी, असा नियमांचा मसुदा २२ ऑक्टोबर २०२५ ला आला तेव्हा सुरुवातीला मुदत दिली होती ६ नोव्हेंबरपर्यंत. तेही ऐन दिवाळीत. केंद्राची राजपत्रं निघतात हिंदी-इंग्रजीत. या उलट २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणीआधी प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. खाणीसाठी जे चालतं ते एआयच्या नियमांसाठी का चालू नये, हे मला खरंच समजत नाही. तुमच्या पत्रकात 'हरकत' हा शब्द याच ताकदीने यायला हवा.

प्रतिसाद ४

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची शब्दरचना इथे उपयोगी पडेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सर्वांना माहीत आहे. पण तिथे 'अभ्यासगट' आणि 'ग्रामसभा' या दोन वेगळ्या बैठका आहेत. अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. एआयसारख्या विषयात 'लोकांना त्यातलं काय कळतं' हा आक्षेप हमखास येतो, त्याला ही जोडी उत्तर देते. फक्त सरकारी भाषेत अभ्यासगट म्हणजे तज्ज्ञांची समिती, तेव्हा 'गावाचा अभ्यासगट' असं स्पष्ट लिहा.

प्रश्न विचारणारी

सर्वांचे आभार. वाक्य असं केलं आहे: 'एआयबाबतचे नियम ठरण्याआधी मसुदा मराठीत मिळावा, समजून घ्यायला वेळ मिळावा, आपल्याला हरकत घेता यावी, आणि ती का मानली किंवा नाकारली हे लेखी कळावं.' लांबलं आहे, पण आजोबांना वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलं, "हरकत कुठल्या पत्त्यावर पाठवायची?" आता पत्रकात शेवटी तेवढी चौकट घालते आहे.