'लेन स्प्लिटिंग' आणि 'लेन फिल्टरिंग' : मराठीत एक शब्द पुरेल का?

अनुस्वार :
मोटारसायकलस्वारांसाठीच्या एका सुरक्षा-पुस्तिकेचा मराठी अनुवाद करत असताना मी एका जागी अडलो आहे. मूळ मजकुरात 'लेन स्प्लिटिंग' आणि 'लेन फिल्टरिंग' असे दोन शब्द येतात; दोन्ही वाहनांच्या रांगांमधून मोटारसायकल पुढे नेण्याविषयीचे आहेत. पहिल्या खर्ड्यात मी दोन्हींसाठी 'मार्गिका-विभाजन' लिहिले होते, पण खर्डा तपासणाऱ्या बाईंनी तो परिच्छेद रस्त्यावर पट्टे आखून मार्गिका वेगळ्या करण्याविषयीचा आहे असे समजून वाचला. चूक त्यांची नव्हती, शब्दाचीच होती.

दोन्हींना एकच शब्द वापरण्यातली अडचण त्याहून मोठी आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १ जुलै २०१४ पासून ताशी ३० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने, म्हणजे 'फिल्टरिंग' करत, वाहनांच्या मधून जाण्याची मुभा आहे, पण तेच त्याहून अधिक वेगाने केले की त्याला 'स्प्लिटिंग' म्हणतात आणि तो गुन्हा ठरतो. उलट कॅलिफोर्नियात २०१६ मध्ये मंजूर होऊन २०१७ च्या आरंभी लागू झालेल्या कायद्याने थांबलेल्या किंवा चालत्या वाहनांच्या रांगांमधून जाण्याला सरसकट 'लेन स्प्लिटिंग' म्हटले आहे आणि वेगाचा आकडा कायद्यात घातलेलाच नाही. अमेरिकेतल्याच युटा राज्यात २०१९ पासून 'फिल्टरिंग' चालते, पण बाजूची वाहने थांबलेली असतील तरच, आणि ताशी १५ मैलांपेक्षा जास्त वेगाने नाही. म्हणजे एका ठिकाणी कायद्याने मान्य असलेल्या गोष्टीचे नाव दुसऱ्या ठिकाणी गुन्ह्याचे नाव आहे. मराठी वाचकाला हा फरक शब्दातूनच कळावा अशी माझी इच्छा आहे. आपण काय सुचवाल?

मोडीवाचक :
'मार्गिका' हा शब्द सोडू नये एवढी पहिली विनंती. 'पुस्तक'वरून 'पुस्तिका', 'नाटक'वरून 'नाटिका', तशी 'मार्ग'वरून 'मार्गिका', इतकी ही घडण आपली आहे. 'मार्ग' शब्दाच्या मुळाशी शोधण्याचा, माग काढण्याचा अर्थ आहे, आणि आपला 'माग'ही त्याच घरातला. त्यामुळे मोकळी जागा शोधत जाणाऱ्या स्वाराला तो शोभतोच. मी 'आंतरमार्गिक गमन' असा शब्द सुचवतो. वेग कमी असेल तर मागे 'मंद' लावावे.

क्लचवायर :
'मार्गिका' शब्दाविषयी मला आदर आहे, पण मी वीस वर्षांहून अधिक काळ मोटारसायकल चालवतो आहे आणि रस्त्यावर तो शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. सगळे 'लेन'च म्हणतात. सुरक्षा-पुस्तिका वाचणारा माणूस 'आंतरमार्गिक गमन' या शब्दापाशी थांबेल, तो अर्थ कळला म्हणून नव्हे तर कळला नाही म्हणून, आणि पुढची महत्त्वाची ओळ त्याच्याकडून वाचायची राहील. 'वाट काढणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे तयार असताना नवा शब्द घडवण्याची गरज मला दिसत नाही. थांबलेल्या गाड्यांमधून आपण वाट काढतो, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

उंबरठा :
फिल्टरिंगसाठी 'वाट काढणे' चांगला आहे, पण चालत्या वाहनांच्या मधून जाण्यासाठी काय? तिथे मला 'चिरत जाणे' आठवते. गर्दी चिरत जाणे, पाणी चिरत जाणे हे प्रयोग सर्वांच्या तोंडी आहेत आणि त्यांत वेगही आहे. 'गाळणे' मात्र कृपया कोणी घेऊ नये, कारण 'मार्गिका गाळली' म्हटले की लिहिताना एखादा शब्द गाळावा तशी मार्गिका वगळली असा अर्थ होतो. त्यापेक्षा 'झिरपणे' पाहावे. पाणी फटींतून सावकाश झिरपते, आणि हा सावकाशपणाच तर कायद्याला हवा आहे.

अनुस्वार :
'झिरपणे' मला फार आवडले, पण "स्वाराने झिरपावे" असे नियमात कसे लिहिणार? पाणी आपोआप झिरपते, स्वार तर दर क्षणाला निर्णय घेत असतो. 'चिरत जाणे'विषयी माझी शंका वेगळी आहे. जिथे कायदा या कृतीला परवानगी देतो तिथे ती सांगताना हिंसेचा वास असलेला शब्द वापरला, तर अनुवादकाने आधीच निकाल दिल्यासारखे होते. 'घुसणे' आणि 'घुसखोरी' मी याच कारणाने बाजूला ठेवले.

रानवाट :
दोष दाखवणारा शब्द टाळावा हे मान्य, पण धोका लपवणारा शब्दही टाळावा. या विषयावर बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सर्वत्र सांगितला जातो. त्यात अपघातात सापडलेल्या ५,९६९ मोटारसायकलस्वारांपैकी ९९७ जण त्या वेळी रांगांमधून जात होते. त्यांच्यात डोक्याला दुखापत झालेल्यांचे प्रमाण सुमारे ९ टक्के होते, तर इतरांमध्ये सुमारे १७ टक्के. मृत्यूचे प्रमाण १.२ टक्के होते, इतरांमध्ये ३ टक्के. वाहतुकीचा वेग ताशी ५० मैलांच्या आत असेल आणि स्वाराचा वेग तिच्यापेक्षा १५ मैलांहून अधिक नसेल, तर ही कृती तुलनेने सुरक्षित दिसते असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र हे आकडे अपघात झाल्यानंतर काय होते एवढेच सांगतात, अपघात होण्याची शक्यता घटते की वाढते हे सांगत नाहीत. पुस्तिकेत हा फरक मराठीत नीट उतरला पाहिजे. 'सुरक्षित' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो, आणि माझ्या मते खरा घोटाळा तिथे आहे.

मोडीवाचक :
त्यासाठी 'निर्धोक' आणि 'कमी इजाकारक' असे दोन शब्द वापरता येतील. मूळ प्रश्नाबाबत आणखी एक सुचवतो. फ्रान्समध्ये २०१६ पासून हा प्रयोग काही भागांत चालला आणि जानेवारी २०२५ पासून ताशी ५० किलोमीटरच्या मर्यादेसह ठराविक मोठ्या रस्त्यांवर त्याला देशभर मान्यता मिळाली. तिथला शब्द 'सिर्क्युलासियाँ अँतेर-फील' आहे. 'फील' म्हणजे मार्गिका नव्हे, वाहनांची रांग. म्हणून मी माझी सूचना बदलतो : 'रांगांमधून जाणे'. 'मार्गिका'चा आग्रह मी या एका जागेपुरता सोडतो, इतरत्र नाही.

उंबरठा :
माझी आजी दोन घरांच्या भिंतींमधल्या अरुंद जागेला 'सांद' म्हणायची. "सांदीतून जाऊ नकोस, अडकशील," हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकले आहे. दोन गाड्यांमधल्या जागेला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. 'सांदीतून जाणे' का नको? हा शब्द 'सांडणे'वरून आला असावा असे मला वाटते, कारण तिथे नेहमी काहीतरी सांडलेले असायचे.

मोडीवाचक :
'सांडणे'शी त्याचा संबंध नाही. 'सांद' हा संस्कृत 'संधि'पासून आला आहे आणि 'सांधा'ही तिथूनच.

क्लचवायर :
हे वाचून मला फार आनंद झाला, कारण काँक्रीटच्या रस्त्यावर दोन लेनच्या मधली रेघ बहुतेक वेळा नेमकी सांध्यावर असते. रांगांमधून जाताना आपले चाक त्या सांध्यावर किंवा रंगवलेल्या पट्ट्यावर येते. पावसात तो रंग निसरडा होतो आणि सांध्याच्या खाचेत पुढचे चाक किंचित ओढले जाते. 'सांदीतून जाणे' लिहिले, तर आजूबाजूच्या गाड्या आणि चाकाखालचा सांधा या दोन्ही गोष्टी एका शब्दात येतात. माझे मत 'सांदी'ला.

रानवाट :
माझा विरोध नोंदवतो, आणि तो मनापासून आहे. सांद दोन भिंतींमध्ये असते, आणि भिंती हलत नाहीत. काही वर्षांपूर्वी संथ चाललेल्या वाहतुकीत मी दोन रांगांमधून जात होतो. डावीकडच्या गाडीने इशारा न देता लेन बदलली आणि मी तिच्या पुढच्या दरवाजावर आदळलो. मनगट मोडले. ती गाडी चालवणाऱ्याने मला पाहिलेच नव्हते, मी त्याच्या आरशात न दिसणाऱ्या जागी होतो. पण खरी चूक त्याच्याही आधीची आणि माझी होती : मी त्या जागेला सांदच समजत होतो, दोन्ही बाजूंना भिंती आहेत आणि त्या तशाच राहतील असे धरून चाललो होतो. नवशिक्या स्वाराच्या हाती असा शब्द देऊ नये ज्यात गाड्या स्थिर आहेत हे गृहीत आहे. ती जागा दर क्षणाला रुंद होते, अरुंद होते, नाहीशी होते. 'फट' म्हणा, 'फट मिटते' असे तरी म्हणता येते.

उंबरठा :
आपला अनुभव वाचून वाईट वाटले. पण न्यू साउथ वेल्समध्ये कमी वेगाचीच मुभा असेल आणि युटामध्ये थांबलेल्याच गाड्यांमधून जायचे असेल, तर तिथे 'सांद' बसते, आणि कॅलिफोर्नियासाठी 'फट'. दोन कृतींना दोन शब्द हवेत अशीच मूळ मागणी होती ना?

रानवाट :
थांबलेल्या गाडीचे दार उघडते.

अनुस्वार :
उद्या मजकूर द्यायचा आहे. सध्या मी "थांबलेल्या किंवा चालत्या वाहनांच्या रांगांमधून जाणे" असे पूर्ण लिहितो आहे आणि प्रत्येक ठिकाणी वेगाचा आकडा शेजारी ठेवतो आहे. 'फट'चे अनेकवचन 'फटी' घेतले तर "फटींमधून" चालेल का, की "फटीतून" असे एकवचनच ठेवावे?

मोडीवाचक :
एकवचन ठेवावे. आणि 'लेन' नव्हे, 'मार्गिका'.