‘अवेरॉफ’ क्रूझर : तारखांचा घोळ, मुंबईचा मुक्काम आणि १:३५० मॉडेल

तापीकाठ
राम राम मंडळी. जळगावात शाळेच्या प्रदर्शनात ग्रीसच्या ‘गिऑर्गिओस अवेरॉफ’ या चिलखती क्रूझरचा तक्ता आणि पुठ्ठ्याचं मॉडेल मांडायचंय. तुर्कांशी झालेली एल्लीची समुद्रावरची लढाई कुठे ३ डिसेंबर १९१२ ला दिलीय, कुठे १६ ला. खरी तारीख कोणती? हे जहाज मुंबईत होतं म्हणतात, ते कधी? आणि मॉडेल १९१२ चं करायचंय, पण फोटो मिळतात ते आत्ताच्या संग्रहालयाचे. चालतील का?

गिरणाथडी
भाऊ, दोन्ही तारखा खऱ्या. ग्रीसमध्ये १९२३ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग होतं. त्या तारखेत १३ दिवस मिळवले की आपली तारीख येते : ३ चे १६ डिसेंबर, आणि लेम्नोसच्या लढाईचे ५ चे १८ जानेवारी १९१३. तक्त्यावर एकच पद्धत ठेवा. एक जुनी, एक नवी लिहिली तर दोन लढायांमधलं ३३ दिवसांचं अंतर चुकतं.

तक्त्यात खरी जागा एल्लीला द्या. ग्रीक ताफ्यातल्या बाकी तीन मोठ्या युद्धनौका, हायड्रा, स्पेत्साई आणि प्सारा, म्हाताऱ्या आणि संथ. ॲडमिरल कुंदुरिओतिसने ‘झेड’ निशाण (आपण स्वतंत्रपणे चाललो, ही खूण) चढवून त्यांना मागे सोडलं आणि एकट्या अवेरॉफने २० नॉटच्या वेगाने तुर्की ताफ्याच्या पुढून आडवं काढलं. तुर्कांच्या बार्बारोस या युद्धनौकेवर २८० मिमीच्या तोफा, अवेरॉफच्या सर्वांत मोठ्या २३४ मिमीच्या. म्हणजे जिंकलं ते वेगाने. दोन बाजूंनी मारा होईल म्हटल्यावर तुर्की ताफा दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत परतला.

लेम्नोसच्या आधी तुर्कांनी हमीदिये ही क्रूझर मुद्दाम बाहेर सोडली होती, अवेरॉफ तिच्यामागे धावेल म्हणून. कुंदुरिओतिस जागचा हलला नाही. हे दोन ओळींत तरी घ्याच. बहुतेक तक्त्यांत गळतं.

लोकोशेड
इंजिनाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. २२ बेलव्हिल बॉयलर, दोन इंजिनं, १९,००० अश्वशक्ती. भुसावळच्या वाफेच्या इंजिनात वाफ एकदा काम करून धुराड्यातून बाहेर पडायची. इथे ती चढत्या आकाराच्या सिलिंडरांतून तीन टप्प्यांत वापरून कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी करतात, कारण समुद्राचं खारं पाणी बॉयलरला चालत नाही. बॉयलरही उलटा : लोकोत नळ्यांतून धूर जातो, बेलव्हिलमध्ये नळ्यांतून पाणी. मुलांना कापलेलं चित्र दाखवायचं तर ही चूक हमखास होते.

पुठ्ठाकाम
ताई/दादा, आत्ताच्या फोटोवरून १९१२ चं मॉडेल करू नका. १९२५ ते २७ मध्ये फ्रान्समध्ये जहाजाची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा पुढची डोलकाठी तीन पायांची झाली. १९१२ ला साधी एकेरी होती. विमानविरोधी तोफाही तेव्हाच्याच, त्या गाळा.

मापं १:३५० ची, म्हणजे खऱ्याच्या ३५० व्या हिश्श्याची : लांबी १४० मीटर म्हणजे ४० सेंमी, रुंदी २१ मीटर म्हणजे ६ सेंमी. पाण्याखालचा भाग साधारण ७ मीटर, म्हणजे २ सेंमी. पाणरेषेपासूनच मॉडेल केलं तर तो सोडून द्या, बैठक सपाट येते आणि पुठ्ठा वाकत नाही. २०० मिमीचं चिलखत या मापात जेमतेम अर्धा मिमी, तेव्हा पट्टा चिकटवू नका, जाड कागद पुरे. धुराडी तीन. २३४ मिमीच्या चार तोफा दोन टरेटांत (तोफांच्या फिरत्या चिलखती खोल्यांत), एक पुढे एक मागे. १९० मिमीच्या आठ तोफा चार टरेटांत, दोन्ही बाजूंना दोन-दोन. नळ्यांना तारच घ्या, कागदाची गुंडाळी या मापात नीट होत नाही.

तापीकाठ
झकास! आता मुंबईचं कोणी सांगा.

गिरणाथडी
एप्रिल १९४१ मध्ये जर्मन ग्रीसमध्ये घुसले. जहाज बुडवायचा हुकूम होता, खलाशांनी तो मोडून क्रीटमार्गे अलेक्झांड्रिया गाठली. कोळशावरचं, धूर सोडणारं, ३० वर्षांचं जहाज भूमध्य समुद्रात विमानांपुढे टिकलं नसतं. म्हणून १९४१ च्या उत्तरार्धापासून मुंबईला तळ ठेवून हिंदी महासागरात काफिल्यांच्या राखणीला लावलं. नोव्हेंबर १९४२ पासून पोर्ट सैदला. ऑक्टोबर १९४४ मध्ये ग्रीसचं निर्वासित सरकार याच जहाजातून मायदेशी परतलं. १९५२ ला निवृत्ती, १९८४ पासून अथेन्सजवळ फालिरोला संग्रहालय. नकाशावर मुंबईचा ठिपका मोठा काढा, मुलं तिथेच थांबतील.