सायकल, जॉगिंग जमतंय पण ध्यानाला बसलं की गाडी अडते, मदत हवी आहे

मंडळी, मी सिंहगड रोडला राहतो, पहाटे सायकलवर खडकवासला नाहीतर तळजाईवर जॉगिंग हे आता अंगवळणी पडलंय आणि धरणापाशी गार वारा तोंडावर आला ना की कारण नसताना हसू येतं, ऑफिसबिफिस काही आठवत नाही. पण घरी येऊन आनापानाला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायच्या ध्यानाला बसलो की एकतर डुलकी नाहीतर पायाला मुंग्या, श्वास राहिला बाजूला आणि डोक्यात ईएमआय सुरू! ध्यान व्यायामाच्या आधी करावं की नंतर? खुर्चीत बसलं तर चालतं का? इगतपुरीचा १० दिवसांचा विपश्यना कोर्स करायचं मनात आहे पण तिथे जॉगिंग बंद, फक्त चालायला परवानगी, तर रोज पळणाऱ्यांनी कसं निभावलं? स्वतः करणाऱ्यांनीच सांगा प्लीज, फॉरवर्ड नकोत.