मदत हवी आहे: रोमकरांस पत्र, अध्याय 16 मधली युनिया बाई की पुरुष?

सर्वांना सलाम. येत्या रविवारी चर्चच्या तरुण संघात मला बायबलमधल्या, पौलाच्या रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय घ्यायचा आहे. नावांची यादी म्हणून आपण तो भराभर वाचून टाकतो, मीही तेच करत आले. यंदा आजीचं पवित्र शास्त्र काढलं, तर या पानावर तिने बायकांच्या नावांखाली पेन्सिलीने रेघा ओढलेल्या दिसल्या. फिबी, प्रिस्का, मरिया, पर्सिस. सातव्या वचनातल्या युनियाखालची रेघ मात्र खोडलेली, आणि समासात प्रश्नचिन्ह.

तिथेच मी अडकले आहे. अंद्रोनीक आणि युनिया हे पौलाचे भाऊबंद, त्याच्यासोबत तुरुंगात राहिलेले, त्याच्या आधी ख्रिस्ताकडे आलेले आणि प्रेषितांमध्ये नावाजलेले. केवढा मोठा मान! पण मराठीत 'ह्यांना सलाम सांगा' म्हटलं की बाई-पुरुष कळायला मार्गच नाही. 'ते दोघे' की 'ती दोघं', यावर सगळं फिरतं. काही इंग्रजी भाषांतरांत 'युनियास' असं पुरुषाचं नाव आहे, काहींत युनिया. मूळ ग्रीकमध्ये नेमकं काय आहे?

दुसरं, 22व्या वचनात तर्तिय मध्येच म्हणतो की हे पत्र मी लिहिलं, माझाही सलाम घ्या. मग लेखक कोण म्हणायचा? मुलं हे विचारणारच.

पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं भाषांतर कुणाकडे असेल, तर त्यात सातवं वचन कसं आहे तेही बघून सांगा.

प्रतिसाद 1:
ताई, बाईच. नाव तिथे द्वितीया विभक्तीत आहे, 'युनियान'. आघात कुठे द्यायचा यावर बाई की पुरुष ते ठरतं, आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आघातचिन्हं नसतात. म्हणून हा घोळ. पण युनिया हे बाईचं नाव रोममधल्या प्राचीन लेखांत 250हून जास्त वेळा सापडतं, पुरुषी युनियास शिलालेखांत एकदाही नाही. चौथ्या शतकातला धर्मगुरू ख्रिसोस्तोम तर ग्रीकच बोलणारा. त्याने 'ही बाई प्रेषित म्हणवून घ्यायला योग्य ठरली' अशा अर्थाने तिचा गौरव केलाय. नेस्तले या विद्वानाच्या नावाने चालणाऱ्या छापील ग्रीक नव्या करारात 1927 साली ती पुरुष झाली आणि 1998 मध्ये पुन्हा बाई. 'प्रेषितांमध्ये नावाजलेली' की 'प्रेषितांना चांगली ठाऊक असलेली', हा वाद मात्र अजून चालू आहे. तो मुलांपासून लपवू नका.

तर्तियाचं सोपं आहे. पौल सांगत गेला, तर्तिय उतरवून घेत गेला. तेव्हाची रीतच ती. गलतीकरांस पत्रात 6:11 ला पौल 'बघा, किती मोठ्या अक्षरांत मी स्वतःच्या हाताने लिहितोय' असं म्हणतो, ते वर्गात मोठ्याने वाचून घ्या. आणि करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातून रोमला पत्र नेणारी बहुधा फिबी. तिचं नाव पहिल्याच वचनात येतं ते उगाच नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार. विभक्तीचं आता नीट समजलं, फळ्यावर 'युनियान' लिहूनच सुरुवात करते. रमाबाईंची प्रत अजून हवीच आहे, कुणी शनिवारपर्यंत सातव्या वचनाचा फोटो टाकू शकलं तर फार बरं होईल.