मदत हवी आहे: रावेर-यावल भागातल्या केळीबागा दाखवणारा जाणकार माणूस

मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून आत्या आणि तिची दोन नातवंडं जळगावला येताहेत. पोरांनी केळी फक्त हातगाडीवर पाहिली आहेत. म्हटलं, एक दिवस सावदा-फैजपूर-रावेर पट्ट्यात फिरवून आणू.

मागच्या वर्षी पाहुण्यांसाठी एक गाडी ठरवली होती, ‘गाईडसह’ म्हणून. गाईडने गाडीतूनच हात केला, "ह्या बागा." झाली सहल! यंदा मला बागेत उतरवणारा माणूस हवाय. मृगबाग आणि कांदेबाग या केळीलागवडीच्या दोन हंगामांत काय फरक, एका घडाला फण्या किती, घड उतरवल्यावर खोडाचं काय करतात, ठिबकची नळी कशी टाकतात, हे त्याला सांगता आलं पाहिजे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते का, हेही. ओळखीचा एखादा शेतकरीच मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याच्या वेळेचे पैसे देऊ.

फैजपूरला थांबायचंच आहे. 1936 चं काँग्रेस अधिवेशन तिथे झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. आत्याला त्याचं भारी अप्रूप. वेळ उरला तर चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम.

आता विचारायचं ते असं: त्या दिवसांत कटाई कुठे चालू असेल? आत्याचे गुडघे दुखतात, तर गाडी बांधापर्यंत जाईल अशी बाग कुठली? आणि दुपारी भरीत-भाकरी घरगुती कुठे मिळेल? हॉटेलचं नको, तेल फार असतं.